पुस्तकात असं नव्हतं!

पत्राचा सारांश: ठाण्यात राहणारे, पन्नाशी ओलांडलेले एक वाचक लिहितात: शाळेत असताना वाचनालयातून नारायण धारप आणून वाचले, ते वेड आजही सुटलेलं नाही. पुढे स्टीफन किंगही इंग्रजीतून वाचून काढला. भयकादंबरीवरचा सिनेमा किंवा मालिका आली की मी हौसेने बघायला बसतो आणि चिडून उठतो. ‘पुस्तकात असं नव्हतं’ हे वाक्य घरात इतकं झालंय, की हल्ली बायको ते माझ्या आधी म्हणते. आता प्रश्न मुलीचा आहे. ती चित्रपटाचं शिक्षण घेते. शेवटच्या वर्षी तिला पंचवीस मिनिटांची फिल्म करायची आहे आणि त्यासाठी तिने माझी सगळ्यात लाडकी मराठी भयकादंबरी निवडली आहे. ती लहान असताना रात्री वीज गेली की हीच गोष्ट मी तिला सांगायचो. आनंद झाला, पण पटकथा वाचून धक्का बसला. कोकणातला वाडा जाऊन पुनर्विकासाला निघालेली चार मजली इमारत आली. दहा वर्षांचा नायक जाऊन चाळिशीतली बाई आली. शेवटचा उलगडा तर गाळूनच टाकलाय. मी सतरा आक्षेप लिहून दिले (यादी सोबत जोडतो आहे). ती म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला सिनेमा नकोच आहे. तुम्हाला तेच पुस्तक पहिल्यांदा वाचायचंय.’ तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं. मी चुकतोय का? तिला दुसरी कथा घ्यायला सांगू का? की काहीही न बोलता ती फिल्म पाहायचीच नाही?

नमस्कार.

बायको ते वाक्य तुमच्या आधी म्हणते, हे वाचून मला हसू आलं आणि हायसंही वाटलं. ज्या घरात बापाची अशी थट्टा करता येते, तिथला अबोला फार टिकत नाही. पटकथा मी वाचलेली नाही, त्यामुळे ती बरी की वाईट हे मला सांगता येणार नाही. तुमचे सतरा आक्षेप मात्र वाचले. (सतरावा आक्षेप कंदिलाच्या जागी मोबाइलचा टॉर्च आला म्हणून आहे. तेवढा लगेच मागे घ्या.) उरलेल्या सोळांच्या मुळाशी एकच समजूत दिसते: भीती घटनांमध्ये असते. घटना जशीच्या तशी ठेवली की भीती तिच्यासोबत येते आणि घटना बदलली की भीतीही जाते. आपण सगळेच असं धरून चालतो. माझ्याकडे या विषयावर येणाऱ्या बहुतेक पत्रांतही हेच असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पुढे काही कादंबऱ्यांचे आणि सिनेमांचे शेवट उघड होणार आहेत. ज्यांना ते नको असतील त्यांनी पुढचे काही परिच्छेद ओलांडून जावं.

तुमच्या तक्रारींत ‘द शायनिंग’ पहिलं आहे, तेच घेऊ. किंगची कादंबरी १९७७ची आणि स्टॅन्ली कुब्रिकचा सिनेमा १९८०चा. हिवाळ्यात बंद असलेल्या एका हॉटेलाची राखण करायला गेलेला बाप, त्याची बायको आणि लहान मुलगा, अशी गोष्ट. बदल तुम्हाला पाठ असतील. पुस्तकात बाप लांब दांड्याचा हातोडा घेऊन मागे लागतो, सिनेमात त्याच्या हातात कुऱ्हाड आहे. पुस्तकात तळघरातला बॉयलर फुटून हॉटेल जळून जातं. सिनेमात हॉटेल शाबूत राहतं आणि बाप बाहेर बर्फात गोठून मरतो. हॅलोरान हा स्वयंपाकी पुस्तकात वाचतो आणि सिनेमात मारला जातो. २१७ नंबरची झपाटलेली खोली २३७ झाली, त्याचं कारण तर मजेशीर आहे. हॉटेलची बाहेरची दृश्यं ओरेगनमधल्या टिंबरलाइन लॉजवर घेतली होती. आपल्या २१७ नंबरच्या खोलीत पुढे कोणी उतरणारच नाही, अशी धास्ती त्या लॉजवाल्यांना वाटली. २३७ नंबरची खोली त्यांच्याकडे नव्हतीच.

किंगला हा सिनेमा आवडला नाही आणि त्याने ते कधी लपवलंही नाही. त्याची मुख्य तक्रार नंबरांची किंवा हत्यारांची नव्हती. त्याच्या कादंबरीतला बाप, जॅक टॉरन्स, हा चांगला माणूस आहे. दारू सोडण्यासाठी तो धडपडतो आणि मुलावर त्याचं खरोखर प्रेम आहे. पूर्वी एकदा दारूच्या नशेत त्याने त्याच मुलाचा हात मोडला होता, हे तो विसरू शकत नाही. अशा माणसाला ते हॉटेल हळूहळू गिळतं. पडद्यावर ही भूमिका करणारा जॅक निकल्सन मात्र नोकरीच्या पहिल्या मुलाखतीपासूनच थोडा फिरलेला वाटतो. मग घसरण दाखवणार कुठून? तक्रार रास्त आहे.

म्हणून १९९७ मध्ये ‘द शायनिंग’ची तीन भागांची टीव्ही मालिका आली, तिची पटकथा किंगने स्वतः लिहिली. चित्रीकरण कोलोरॅडोतल्या स्टॅन्ली हॉटेलात झालं. १९७४ मध्ये हंगाम संपून हॉटेल बंद व्हायच्या बेतात असताना किंग तिथे पत्नीसह उतरला होता आणि ओस पडलेल्या त्या इमारतीतच त्याला ही कादंबरी सुचली होती. म्हणजे लेखक तोच, जागाही तीच, हातोडा परत आला, बॉयलर फुटला, स्वयंपाकी वाचला. तुमच्यासारखी यादी कोणी हातात घेऊन बसला असता, तर जवळजवळ प्रत्येक कलमावर बरोबरची खूण करावी लागली असती. तरीही आज भीतीसाठी कोणी ती मालिका शोधत जात नाही, लोक कुब्रिककडेच वळतात.

असं का झालं, ते एका प्रसंगातून नीट कळतं. कादंबरीत हॉटेलच्या आवारात प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं आहेत, त्यांत ससा आहे, कुत्रा आहे, सिंह आहेत. जॅक ती छाटायला जातो. पाठीमागे काहीतरी सळसळतं. वळून बघतो, तर कुत्रा मघासारखा बसलेला नाही. मान फिरवतो, पुन्हा बघतो, तर सिंह थोडे जवळ आलेत. प्रत्यक्ष हलताना एकही दिसत नाही. एक वाक्य संपतं आणि दुसरं सुरू होतं, त्या मधल्या जागेत झुडूप हललेलं असतं, आणि ते तुम्हीच हलवलेलं असतं. पडद्यावर ही मधली जागा मिळवणं अवघड आहे. १९८०च्या तंत्राने ते प्राणी पटतील असे हलवणं शक्य नव्हतं. कुब्रिकने सरळ ते काढून टाकले आणि उंच झुडपांचा भुलभुलैया आणला. १९९७च्या मालिकेत संगणकाच्या मदतीने प्राणी चालवून दाखवले. सिंह खरोखर चालत आला आणि लोकांना हसू फुटलं.

उलट बाजूही बघा. दिवसभर टाइपरायटरवर खटखट करणाऱ्या नवऱ्याच्या कागदांची चळत बायको चाळते आणि पानापानावर तेच एक वाक्य सापडतं. कधी ते परिच्छेदासारखं मांडलेलं, कधी संवादासारखं, पण वाक्य तेच. लेखक असलेल्या माणसाच्या कोसळण्याचं याहून भयंकर चित्र मला माहीत नाही. हे किंगच्या पुस्तकात नाही. ‘पुस्तकात असं नव्हतं’ हे वाक्य इथे तक्रार म्हणून म्हणाल का?

म्हणजे सिनेमावाल्यांना सगळं माफ, असं मी म्हणत नाही. तुमचा राग अनेकदा योग्य असतो. फक्त तो चुकीच्या जागी निघतो. रिचर्ड मॅथेसनची ‘आय ॲम लेजंड’ ही १९५४ची छोटी कादंबरी घ्या. रोगाने सगळी माणसं रक्तपिपासू झाली आहेत आणि एकटा रॉबर्ट नेव्हिल शिल्लक आहे. दिवसा तो हिंडतो आणि झोपलेल्या रोगग्रस्तांना ठार करतो. शेवटी त्याला कळतं की त्यांच्यातल्या काहींनी नवा समाज उभारला आहे. त्या समाजाच्या लेखी तोच राक्षस आहे, दिवसाउजेडी येऊन झोपेत मारणारा. ‘मी दंतकथा आहे’ या अर्थाचं पुस्तकाचं नाव येतं ते इथून. २००७च्या सिनेमात विल स्मिथ उपचार शोधतो, तो दुसऱ्याच्या हाती देतो आणि माणसांना वाचवण्यासाठी प्राण देतो. नाव तेच राहिलं, पण अर्थ उलटा झाला. गंमत म्हणजे पुस्तकाच्या जवळ जाणारा दुसरा शेवट चित्रित झालेला होता. त्यात तो बाधितांचा म्होरक्या आपल्या जोडीदारणीला सोडवायला आलेला असतो आणि आपण काय करत होतो ते नायकाच्या ध्यानात येतं. चाचणी खेळांना आलेल्या प्रेक्षकांना तो रुचला नाही म्हणून बदलला गेला. पुढे डीव्हीडीवर तो बघायला मिळाला. तर तुमचा राग इथे काढा. रिकामं न्यूयॉर्क, कुत्रा, गाडी या गोष्टी कितीही छान दिसल्या तरी ज्या एका भीतीसाठी पुस्तक लिहिलं गेलं, तीच भीती बाजारात चालत नाही म्हणून काढली गेली.

किंगच्या ‘इट’चं दुखणं वेगळं आहे, ते रचनेचं आहे. मूळ पुस्तक हजार पानांच्या पुढचं, १९८६चं. त्यात मुलांचं १९५८ आणि त्याच मुलांचं मोठेपणीचं १९८५ ही दोन्ही वर्षं एकमेकांत विणलेली आहेत. मोठी झालेली माणसं आपलं बालपण विसरून गेली आहेत, आणि एकेक गोष्ट आठवत जाणं हीच त्यांची खरी भीती आहे. सिनेमावाल्यांनी वीण उसवली. २०१७च्या भागात फक्त मुलं, २०१९च्या भागात मोठी माणसं. पहिला भाग अनेकांना आवडला, मलाही. दुसऱ्यात मात्र ती माणसं जे आठवायला धडपडतात, ते आपण दोन वर्षांपूर्वीच पाहिलेलं असतं. त्यांना छळणारा विदूषक तोच आणि घटनाही बऱ्याचशा त्याच. क्रम बदलला आणि भीती पातळ झाली.

आणि एक उदाहरण असं, जिथे शेवट बदलूनही पुस्तकाशी इमान राहिलं. किंगच्याच ‘द मिस्ट’ या लघुकादंबरीत धुक्यातल्या अज्ञात प्राण्यांच्या भीतीने माणसं एका सुपरमार्केटात अडकतात आणि बाहेरच्या प्राण्यांपेक्षा आतली माणसं जास्त भयानक होत जातात. पुस्तकाच्या शेवटी बाप, छोटा मुलगा आणि काही जण गाडीतून धुक्यात निघालेले असतात आणि आशेचा एक धागा शिल्लक असतो. फ्रँक डाराबाँटच्या २००७च्या सिनेमात पेट्रोल संपतं. गाडीत पाच माणसं आणि पिस्तुलात चार गोळ्या. बाप मुलासकट चौघांना त्या मरणातून सोडवतो आणि स्वतः धुक्यात उतरतो. थोड्याच वेळात धुकं विरतं आणि मदतीला आलेलं लष्कर दिसतं. याहून मोठा बदल काय असणार? पण घाबरलेली माणसं काय करून बसतात, ही पुस्तकातलीच भीती त्याने शेवटच्या टोकापर्यंत नेली. किंगला हा शेवट आवडला होता.

तेव्हा सिनेमा बघताना प्रश्न थोडा बदलून विचारा. ‘हे पुस्तकात होतं का?’ असं न विचारता, ‘या पुस्तकाची भीती नेमकी कशाची होती आणि ती इथे उरली का?’ असं विचारा. या कसोटीवरही बहुतेक रूपांतरं नापास होतील, काळजी नको. रागवायला तुम्हाला भरपूर वाव राहील.

आता धारप. तुम्ही धारपांवर वाढलात, तर हे तुम्हाला माहीत असणारच. ‘लुचाई’ वाचताना किंगच्या ‘सालेम्स लॉट’ची आठवण येते ती उगाच नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं गाव उचलून त्यांनी आपल्याकडे आणलं. माणसं बदलली, बोलणं बदललं, श्रद्धा-अंधश्रद्धांची सगळी व्यवस्था बदलली. त्यांच्या ‘आजी’ या कथेचं मूळही किंगच्याच एका कथेत आहे. कोणी याला उचलेगिरी म्हणतं, कोणी रूपांतर म्हणतं, तो वाद इथे नको. पण ज्या लेखकाने तुम्हाला भीतीची गोडी लावली, तो स्वतः दुसऱ्याचं घर पाडून त्याच विटांनी आपलं बांधणारा होता. तुमच्या लेकीने कोकणातल्या वाड्याची जुनी इमारत केली, तर तिने धारपांचाच कित्ता गिरवला असं म्हणायला हवं.

आणि त्याच ‘आजी’पासून पुढे ‘तुंबाड’ झाला. २०१८चा राही अनिल बर्वे यांचा सिनेमा. नाव श्री. ना. पेंडश्यांच्या ‘तुंबाडचे खोत’मधून आलेलं, बीज धारपांचं, आणि हस्तर नावाचा हावरा देव, कणकेच्या बाहुल्या, कधीच न थांबणारा पाऊस हे सगळं सिनेमाचं स्वतःचं. (तो मराठीत न होता हिंदीत झाला, याची चुटपुट मला अजून आहे.) पहिल्या प्रदर्शनात बेताचा चालला आणि २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा गर्दी झाली. मूळ कथेशी ताडून पाहिलं, तर तुमच्या पद्धतीने सत्तर आक्षेप निघतील. पण मला सांगायचंय ते वेगळंच. बर्वे यांच्याकडे ती गोष्ट आली ती पुस्तकातून नव्हे. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना ती सांगितली, असं त्यांनी सांगितलं आहे. त्यांच्या मनात रुजली ती ऐकलेली गोष्ट.

हे वाचून तुमच्या पत्रातलं एक वाक्य आठवतंय का? ‘रात्री वीज गेली की हीच गोष्ट मी तिला सांगायचो.’ तुम्ही पुस्तक हातात धरून वाचून दाखवत नव्हतात. अंधारात ते शक्यच नव्हतं. तुम्ही सांगत होतात. म्हणजे लहान मुलीला झेपणार नाही ते गाळत होतात, तिला वाडा माहीत नाही म्हणून ओळखीची खोली घालत होतात. कदाचित तिने ‘मग?’ विचारलं की दोन वाक्यं जास्तीची जोडतही असाल. ती कादंबरी पहिल्यांदा रूपांतरित झाली ती तुमच्या घरी, आणि रूपांतरकार तुम्ही होतात. माझा अंदाज असा, की तिच्या मनात जी गोष्ट आहे ती छापील नाही, तुमची आहे. इमारतीचा जिना, कठडा, गच्चीचं दार हे सगळं तिने तेव्हा डोळ्यांसमोर आणलेलं असू शकतं, कारण तुम्ही राहता ते घर तसंच आहे. हा अंदाज खोटाही ठरेल. पण सतरा आक्षेप देण्याआधी तिला एकदा विचारायला हवं होतं: छापलेलं पुस्तक तू कधी वाचलंस, आणि वाचल्यावर तुला ते कसं वाटलं? अजूनही विचारा. काय सांगावं, तीही तेव्हा म्हणाली असेल, ‘बाबांनी सांगितलं होतं तसं नाहीये हे.’

तिने तुम्हाला टोचलेलं वाक्य, की तुम्हाला तेच पुस्तक पहिल्यांदा वाचायचंय, ते मला पूर्ण पटत नाही आणि पूर्ण खोटंही वाटत नाही. भयकादंबरी एकट्याने वाचली जाते. वेग आपला असतो. नको वाटलं की पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिता येतं. सिनेमात तो ताबा सुटतो, शेजारी कोणी वेफर्सची पुडी फोडत असतो, आणि शिवाय पुढे काय होणार ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. ठाऊक असलेल्या गोष्टीने दचकणं कोणालाच जमत नाही. दिग्दर्शक कितीही थोर असला, तरी बारा वर्षांच्या मुलाची ती दुपार त्याला परत आणता येणार नाही. मग हा राग त्याच्यावर कशाला?

आता काय करायचं ते सांगते. कादंबरी न उघडता एका कागदावर लिहा, की त्यातल्या कोणत्या क्षणी तुमच्या अंगावर काटा आला होता. कथानक नको, फक्त क्षण. कुठला आवाज, कुठलं वाक्य, कोणाचं न बोलणं. मग पुस्तक काढा आणि ती पानं शोधा. त्यातलं बरंचसं त्या पानांवर नाही असं आढळेल. लेखकाने एक अर्धवट उघडं दार दिलेलं असेल, त्यापलीकडचं तुम्ही भरलेलं असेल. जे खरोखर पानावर सापडेल, ते लेखकाचं. त्यातली एकच गोष्ट निवडा आणि मुलीला सांगा, ‘बाकी काहीही बदल, एवढं राहू दे, कारण माझ्या मते भीती इथे आहे.’ एक मुद्दा माणूस ऐकून घेतो. सतरा मुद्दे हातात पडले की तो फक्त स्वतःची बाजू सावरत बसतो. ही कागदाची युक्ती इतर वाचकांनीही करून पाहायला हरकत नाही, सिनेमा बघायला जायच्या आधी.

तिच्या तीन मोठ्या बदलांपैकी इमारतीबद्दल माझं मत वर आलंच आहे. अर्धी रिकामी झालेली, लोक सोडून गेलेली, कुलपं लागलेली इमारत ही आजच्या ठाण्याला वाड्यापेक्षा जास्त ओळखीची आहे. दहा वर्षांच्या मुलाऐवजी चाळिशीची बाई, याबद्दल मात्र मी तिला प्रश्न विचारला असता. मुलाची भीती ही, की मोठी माणसं आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत. चाळिशीच्या बाईवरही घरातले विश्वास ठेवत नाहीत, पण वेगळ्या कारणाने. ते कारण तिला सापडलं असेल तर बदल उत्तम. फक्त लहान मुलाबरोबर चित्रीकरण कटकटीचं, म्हणून बाई घेतली असेल, तर ते पडद्यावर दिसणार.

उलगडा गाळण्याबाबत मी निम्मी तुमच्या बाजूने आहे. न दाखवण्याची ताकद मोठी असते, हे खरं. शर्ली जॅक्सनच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाऊस’वर १९६३ मध्ये रॉबर्ट वाइजने सिनेमा केला, त्यात भूत दिसतच नाही. फुगणारं दार दिसतं. अंधारात घट्ट धरलेला हात मैत्रिणीचा नव्हता, हे दिवा लागल्यावर कळतं. तीच कादंबरी १९९९ मध्ये संगणकाने सगळं दाखवून पुन्हा काढली, आणि तिची भीती कोणालाच वाटली नाही. ‘रोजमेरीज बेबी’त तर पाळण्यात काय आहे हे आयरा लेव्हिनने १९६७च्या कादंबरीत डोळ्यांच्या वर्णनासकट लिहिलं आहे. १९६८च्या सिनेमात आपण बघत राहतो तो पाळण्यात डोकावणाऱ्या आईचा चेहरा. पण या सगळ्यांत दिग्दर्शकाला आत काय आहे हे पक्कं माहीत होतं. नवशिके दिग्दर्शक अनेकदा शेवट मोघम ठेवतात, कारण त्यांचंच ठरलेलं नसतं. तेव्हा तिला पडद्यावर उलगडा दाखवायला सांगू नका. चहा पिताना तिला तोंडी विचारा, ‘खोलीत नक्की काय होतं?’ तिने चटकन उत्तर दिलं, तर गाळलेला उलगडा गाळलेलाच बरा. ती चाचरली, तर मात्र तुमचा आक्षेप खरा आहे आणि तो तिला त्या क्षणी स्वतःच कळेल.

दुसरी कथा घ्यायला सांगू नका. फिल्म न पाहण्याचा विचार तर मनातूनही काढा. फिल्मच्या पहिल्या कच्च्या जुळणीला मात्र स्वतःहून जाऊन बसू नका. आवाज आणि संगीत बसण्याआधीची भयफिल्म बिचारी फार केविलवाणी दिसते, आणि तुम्ही कागद-पेन काढाल.

असंच अडलेल्या इतरांसाठी थोडक्यात. आवडत्या भयकादंबरीवरचा सिनेमा येणार कळलं, की लोक आधी कादंबरी परत वाचून काढतात. नेमकं तेच टाळा. पुस्तक विसरायला थोडा अवधी द्या. न वाचलेल्या माणसाला सोबत न्या आणि सिनेमा सुटल्यावर आधी त्याला बोलू द्या. घाबरला असेल, तर सिनेमाने काम केलंय, तुमच्यावर नसेल केलं. घरातल्या मुलांना आधी पुस्तक द्यावं की सिनेमा, असं अनेक आई-वडील विचारतात. सिनेमा बघून पुस्तकाकडे आलेल्या मुलाला पुस्तकात जास्तीचं सापडतं. उलट दिशेने आलेल्याला कमी सापडतं. मी तरी सिनेमा आधी दाखवीन, वय बघून अर्थातच.

आणि एक काम, जे तुमच्या सतरा मुद्द्यांत कुठेच नव्हतं आणि बहुधा लेकीच्याही डोक्यात नसेल. परवानगी. लेखक हयात नाहीत असं तुम्ही लिहिलंय. आपल्याकडे १९५७च्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं लेखनाचे हक्क वारसांकडे राहतात. धारपांचंच उदाहरण घ्यायचं तर ते २००८ मध्ये गेले, म्हणजे २०६८ संपेपर्यंत. कथेवर फिल्म करण्याचा हक्कही त्यातच येतो, मग स्थळ बदला नाहीतर नायक बदला. वर्गापुरती दाखवली तर कदाचित कोणी विचारणार नाही, पण महोत्सवाला पाठवायची किंवा यूट्यूबवर टाकायची म्हटलं, की लेखी संमती लागेल. ऐनवेळी ती मिळाली नाही, तर वर्षाची मेहनत पेटीत पडून राहते. तुमच्याकडच्या जुन्या प्रतीची सुरुवातीची पानं उघडा. ‘सर्व हक्क’ असं लिहून पुढे नाव छापलेलं असेल, बहुधा पत्त्यासह. पत्ता जुना निघाला तर प्रकाशकांना फोन करा, वारसांचा ठावठिकाणा त्यांना माहीत असतो. पत्रात फिल्म किती मिनिटांची, कुठे दाखवणार, पैसे कमावणार की नाही, श्रेयनामावलीत ‘मूळ कथा’ म्हणून लेखकाचं नाव कसं जाईल, आणि काय काय बदललंय, हे सगळं मोकळेपणाने लिहायचं. बदल लपवू नका. वारसही वाचकच असतात, आणि त्यांच्याकडेही एखादी यादी असू शकते.

हे पत्र तुम्ही लिहून द्या. त्या लेखकाची सगळी पुस्तकं तुम्हाला ठाऊक आहेत, कोणाला काय लिहिलं की बरं वाटेल हे तुम्हाला तिच्यापेक्षा जास्त कळेल. खाली सही तिची. आणि इमारत आणि बाई यांच्याबद्दलचा परिच्छेद लिहायला घ्याल, तेव्हा तिलाच शेजारी बसवून विचारा, ‘हे आपण का बदललं म्हणून लिहू?’

तुमची,
ताई